शाळेसमोरचे चमकते पिवळे दिवे: जागा, वेळ, बॅटरी, पाया
(चर्चामंचावरचा धागा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

तारजोड
शाळेच्या दोन्ही बाजूंनी येणाऱ्या वाहनांसाठी एकेक खांब उभा करायचा आहे. प्रत्येक खांबावर आळीपाळीने लागणारे २०० मिमीचे दोन पिवळे एलईडी दिवे आणि मध्ये शाळेची पाटी. रस्ता दुपदरी आहे, दुभाजक नाही. वेगमर्यादा एरवी ताशी ५० किमी, शाळेच्या वेळेत ३०. कच्चा आराखडा असा:

– खांब गेटपासून ३० मीटर अलीकडे
– दिवे चोवीस तास चालू
– १२ व्होल्टचा रिले फ्लॅशर (विजेने उघडझाप होणारा यांत्रिक स्विच)
– ७ एएच (अँपिअर-तास) लेड-ॲसिड बॅटरी, २० वॅटचं पॅनेल
– ४ मीटर पाइप, ४५० मिमी खोल पाया

पाटीचा मजकूर आणि परवानगी रस्ता खात्याकडून ठरलेली आहे. बाकी आराखड्याची चिरफाड करा, म्हणूनच इथे टाकलाय.

रस्तामोजणी
जागेपासून सुरू करतो, कारण ती चुकली तर वायरिंग कितीही सुबक असो, उपयोग नाही.

५० किमी वेग म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर. चालकाने बघून, समजून ब्रेकवर पाय ठेवेपर्यंत २.५ सेकंद धरायचे, त्यात ३५ मीटर गेले. पुढे ओल्या रस्त्यावरचं घर्षण ०.३७ धरलं तर थांबायला आणखी २७ मीटर. एकूण ६२. हेच ३० च्या वेगाला साधारण ३० मीटरमध्ये आटोपतं. म्हणजे ३० ने येणारी गाडी जिथे थांबून उभी आहे, तिथून पुढे जाताना ५० वाल्याने अजून ब्रेकही दाबलेला नसतो.

आता तुमचे ३० मीटर. इथे दोन प्रश्न आहेत. एक, अंतर गेटपासून का मोजलं? मुलं गेटसमोरच रस्ता ओलांडतात असं नाही. व्हॅन जिथे थांबतात तिथून, नाहीतर कुंपणाला जिथे फट आहे तिथून येतात. सकाळी आणि सुटताना उभं राहून, मूल रस्त्यावर पहिलं पाऊल कुठे टाकतं त्या जागा नकाशावर मांडा. येणाऱ्या वाहनाला त्यातली जी सगळ्यात आधी लागते, तिथून मागे मोजा.

दुसरा प्रश्न, चालकाने खांबापाशी काय केलेलं असायला हवं? ५० वरून ३० वर सावकाश यायला, म्हणजे सेकंदाला २ मीटर प्रतिसेकंद या दराने, ३१ मीटर लागतात आणि विचाराचे ३५ वेगळे. म्हणून खांब त्या पहिल्या जागेच्या ६० ते १०० मीटर अलीकडे हवा. शिवाय खांबाच्याही अलीकडे किमान ६०-७० मीटरवरून दिवा सलग दिसला पाहिजे. मधे झाडाची फांदी, जाहिरातीचा फलक, उभा ट्रक काहीही आलं की ते मीटर वजा.

आणि ५० ही कागदावरची मर्यादा झाली. शाळेच्या वेळेत मोकळ्या धावणाऱ्या निदान १०० वाहनांचा वेग मोजा, चढत्या क्रमाने लावा आणि ८५ वं वाहन कितीने जातंय ते बघा. तो आकडा ६० आला तर थांबायचं अंतर ८० मीटर होतं आणि सगळं गणित मागे सरकतं. मोजताना स्पीडगन दिसेल असे उभे राहू नका, नाहीतर सगळे सज्जन होतात.

घड्याळजी
चोवीस तास चालू ही ओळ आधी खोडा. याच एका गोष्टीने अशी कामं वाया जातात. रात्री अकराला, रविवारी, सुट्टीत दिवा चमकतोय आणि रस्त्यावर एकही मूल नाही, हे रोजच्या चालकाने आठवडाभर पाहिलं की त्याच्या लेखी तो दिवा संपला. नंतर सोमवारी सकाळी मुलं असतानाही तो त्याच वेगाने जाणार. दिवा लागला म्हणजे मुलं आहेतच, ही सांगड तुटता कामा नये. पाटीवर 'दिवे चमकत असताना ३०' लिहायचं आणि दिवे कायम चमकवायचे हे तर कायद्याच्या बाजूनेही बेकार. दंडाला कुणीही आव्हान देईल.

तारजोड
पटलं. मग टायमर आला. वेळेचे तुकडे कसे पाडायचे? सकाळी भरते, दुपारी लहान वर्ग सुटतात, संध्याकाळी मोठे.

घंटा_वाजली
शाळेच्या बाजूने उत्तर देते. घंटा ही मध्यरेषा धरू नका, गर्दी दोन्ही बाजूंना सारखी नसते. भरताना मुलं घंटेच्या ४० मिनिटं आधीपासून येतात आणि नंतर १० मिनिटांत रस्ता मोकळा होतो. सुटताना उलटं: ५-१० मिनिटं आधी पालकांच्या गाड्या लागतात आणि घंटेनंतर ३० मिनिटं वर्दळ राहते. म्हणून भरायला ४० आधी १० नंतर, सुटायला १० आधी ३० नंतर, अशी सुरुवात करा आणि आठवडाभर प्रत्यक्ष मोजून दुरुस्त करा. दोन तुकड्यांमधलं अंतर २० मिनिटांपेक्षा कमी असेल तर जोडून टाका. दिवा लागतोय-विझतोय असं झालं की चालक गोंधळतो.

खरी अडचण वेळापत्रकाची नसून अपवादांची आहे. परीक्षेत अर्धा दिवस, स्नेहसंमेलन, अचानक पावसाने लवकर सोडलेली शाळा. त्यासाठी गेटपाशी चावीचा स्विच हवा, पण तो ४५ मिनिटांनी आपोआप बंद होणारा. साधा चालू-बंद स्विच ठेवलात तर संध्याकाळी लावलेला दिवा सकाळपर्यंत चमकतो आणि वर घड्याळजींनी सांगितलं तेच होतं. सुट्ट्यांची यादी भरायचं काम शाळेत एका पदाकडे लेखी द्या, माणसाकडे नको. माणसं बदलतात.

घड्याळजी
टायमर घेताना बघायच्या गोष्टी. साध्या क्वार्ट्झ घड्याळाची चूक २० पीपीएम (दहा लाखांत २० भाग) असते, म्हणजे दिवसाला १.७ सेकंद, वर्षाला दहा मिनिटांच्या वर. तापलेल्या पेटीत आणखी. तापमान भरपाई असलेलं, डीएस३२३१ जातीचं, ±२ पीपीएमचं असतं, वर्षाला मिनिटभर. त्याहून बरं म्हणजे दिवसातून एकदा जीपीएस किंवा मोबाइल नेटवर्कवरून वेळ जुळवणारं. जीपीएस जागतिक वेळ देतो, स्थानिक वेळेचा फरक सेटिंगमध्ये टाकलाय का ते पहिल्याच दिवशी तपासा.

दुसरं, बटणसेल. मुख्य बॅटरी उतरली आणि सीआर२०३२ आधीच मेलेला असला की घड्याळ परत चालू होताना कुठल्यातरी जुन्या तारखेला मध्यरात्रीपासून मोजायला लागतं. दिवे भलत्याच वेळी लागतात आणि कंट्रोलर बिघडला म्हणून लोक अख्खा बदलतात. सेल दर तीन वर्षांनी बदला, मेला की नाही याची वाट बघू नका.

मोर्चेकरी
घड्याळाची खात्री नसेल तेव्हा दिवे कायम चमकू द्यावेत, असं माझं मत. मुलांच्या बाबतीत सुरक्षित बाजूला चुकलेलं चांगलं.

घड्याळजी
असहमत. ती सुरक्षित बाजू आहे असं फक्त वाटतं. वेळ हरवली तर दिवे बंद आणि दुरुस्तीचा संदेश लगेच. शाळेची कायमची पाटी, झेब्रा पट्टे, गतिरोधक हे सगळं तिथे असतंच.

रस्तामोजणी
मोर्चेकरींचा मुद्दा एका ठिकाणी बरोबर आहे. संदेश पाठवायची सोय नसेल तर अंधारा दिवा महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही, भलत्या वेळी चमकणाऱ्याची मात्र दुसऱ्या दिवशी तक्रार येते. म्हणून बंद ठेवायचा पर्याय निवडायचा तर देखरेख पाहिजेच. निदान शाळेच्या बाजूने दिसणारा ५ मिमीचा छोटा निर्देशक दिवा द्या. शिपायाला रोज गेटवरून दिसला पाहिजे, खांबापर्यंत चालत जायला लावू नका.

मॉस्फेट_मामा
रिलेचं बोलू. मिनिटाला ५५ वेळा, दिवसाला तीन तास म्हणजे ९,९०० वेळा आपटणार. बहुतेक रिलेंच्या डेटाशीटवर पूर्ण भाराला १ लाख वेळांचं आयुष्य लिहिलेलं असतं. तुमचा भार हलका म्हणून पाचपट धरा, तरी पन्नास दिवस! त्यातून एलईडीच्या ड्रायव्हरमधला कपॅसिटर प्रत्येक वेळी भरताना करंटचा झटका देतो आणि संपर्क चिकटतात. चिकटला की एक दिवा सतत पेटलेला, दुसरा सतत विझलेला. रिलेऐवजी दोन लॉजिक-लेव्हल मॉस्फेट (हलणारा भाग नसलेले, कंट्रोलरच्या कमी व्होल्टेजवर चालणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) लावा, प्रश्न मिटला.

वेग मिनिटाला ५० ते ६० चमक, पेटलेला काळ निम्मा किंवा थोडा जास्त. लक्ष वेधायला जोरात चमकवण्याचा मोह होतो, तो टाळा. सेकंदाला ५ ते ३० चमक ही पट्टी अपस्माराच्या रुग्णांसाठी घातक असते. पादचाऱ्याने बटण दाबल्यावर जलद लयीत चमकणाऱ्या आयताकृती पट्ट्या मिळतात, त्या ओलांडण्याच्या जागी लावायच्या असतात. शाळेच्या हद्दीच्या सुरुवातीला त्या लावू नयेत, दोन्हींचा अर्थ वेगळा आहे.

रंग पिवळाच, हे सांगायला नको, तरी सांगतो. रस्ता चिन्हांच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारात चमकता पिवळा, एक असो की आळीपाळीने दोन, म्हणजे विशेष काळजी घेऊन पुढे जा. चमकता लाल म्हणजे थांबा. 'लाल जास्त दिसतो' म्हणून लाल मागणारे भेटतात, त्यांना नाही म्हणा.

बारीक कटकटी: मॉस्फेट बंद असतानाही काही दिवे मिणमिणत राहतात, गळतीचा करंट पुरतो त्यांना. दिव्याला समांतर १ किलोओहम, अर्धा वॅट रेझिस्टर लावला की जातं. दुसरी कटकट म्हणजे दिव्याच्या आतला ड्रायव्हर उशिरा जागा होणं. २३० व्होल्टचे काही दिवे वीज मिळाल्यावर पाव सेकंद घेतात. अर्ध्या सेकंदाच्या चमकेतला निम्मा वेळ तिथेच गेला. १२ व्होल्टचे थेट घ्या आणि १० ते १५ व्होल्ट चालतात हे लेबलवर बघा, कारण लिथियम फॉस्फेट बॅटरी भरताना १४.६ पर्यंत जाते.

छप्पर_पॅनेल
बॅटरीचं गणित मांडतो, ७ एएच कुठेच पुरत नाही. २०० मिमीचा दिवा ८ वॅटचा धरू. दोन दिवे आळीपाळीने म्हणजे कुठल्याही क्षणी एक पेटलेला, सरासरी ८ वॅट. चोवीस तासांना १९२ वॅट-तास लागले असते आणि तुमच्या बॅटरीत पूर्ण भरून ८४ आहेत.

तीन तासांना २४ वॅट-तास. पण कंट्रोलर दिवसभर जागा असतो, तो विसरला जातो. ४० मिलिअँपिअर खात असेल तर ०.४८ वॅट गुणिले २४, म्हणजे साडेअकरा वॅट-तास. दिव्याच्या जवळजवळ निम्मे! मोडेम सतत चालू ठेवलात आणि तो सरासरी १ वॅट घेत असेल तर त्याचेच २४. म्हणून मोडेम दिवसातून दोनदा पाच मिनिटांपुरता जागा करा.

एकूण ३६ धरू. ढगाळ पाच दिवस काढायचे तर १८०. लिथियम फॉस्फेट ८० टक्के वापरायची, म्हणजे २२५ वॅट-तास, १२.८ व्होल्टला १७.६ एएच, बाजारात २० एएच मिळते. लेड-ॲसिड निम्मीच वापरायची, ३० एएचच्या खाली नको. शिवाय २५ अंशांच्या वर दर १० अंशांमागे लेड-ॲसिडचं आयुष्य साधारण निम्मं होतं आणि उन्हातल्या लोखंडी पेटीत ४५ सहज होतात. पेटीला पांढरा रंग, वर ५० मिमी फट सोडून सावलीचा पत्रा.

पॅनेल: वाईट महिन्यात दिवसाला २.५ तासांचं पूर्ण ऊन, सगळी गळती धरून हाती ०.६५ पट. २० वॅटचं पॅनेल ३२ देईल, लागतात ३६. रोज थोडं थोडं उतरत जातं आणि तीन आठवड्यांनी अचानक बंद पडल्यासारखं वाटतं. ४० वॅट घ्या, ६५ मिळतात. तोंड उत्तर गोलार्धात दक्षिणेला, कल स्थानिक अक्षांशाएवढा पण १५ अंशांपेक्षा कमी नको, नाहीतर धूळ पावसाने धुतली जात नाही. सावली हिवाळ्यात तपासा. तेव्हा सूर्य खाली असतो आणि उन्हाळ्यात मोकळं वाटलेलं पॅनेल झाडाच्या सावलीत जातं. ३६ सेलपैकी एकावर पूर्ण सावली आली तरी उत्पन्न कोसळतं, 'थोडीशीच सावली आहे' असं नसतं ते.

तारजोड
एकाच कंट्रोलरवरून दोन्ही खांब चालवले तर? रस्त्याखालून पाइप टाकता येईल.

मॉस्फेट_मामा
दोन खांब रस्त्याला आडवे समोरासमोर असतील तर हो. ३० मीटर जाऊन-येऊन ६० मीटर, १.५ चौमिमी तांब्याला साधारण ०.७ ओहम, ०.६७ अँपिअरला अर्धा व्होल्ट पडतो, चालेल. ०.५ चौमिमीची वायर ओढलीत तर दीड व्होल्ट आणि उतरत्या बॅटरीवर दिवा आधी मंद, मग बंद. पण तुमचे खांब शाळेच्या दोन टोकांना, मध्ये दीड-दोनशे मीटर. स्वतंत्र संच करा. दोघांची घड्याळं जुळलेली असली की झालं, चमक एकाच ठेक्यात असायची गरज नाही.

प्रत्येक दिव्याला वेगळा २ अँपिअर फ्यूज, म्हणजे एक शॉर्ट झाला तरी दुसरा चमकत राहतो. बॅटरीच्या धन टोकापासून १५० मिमीच्या आत ५ अँपिअर फ्यूज. पॅनेलच्या बाजूला सर्ज अरेस्टर (विजेचा अचानक झटका जमिनीत सोडणारा) आणि खांबाला अर्थिंग. वायर पेटीत खालूनच, ग्लँडमधून (वायरभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातून), आणि आत शिरण्याआधी खाली झोळ देऊन. वरून भोक पाडलं की आयपी ६५ चा (धूळ-पाणी आत न शिरण्याचा) शिक्का कागदावरच उरतो. तळाला श्वास घेणारा व्हेंट प्लग लावा, नाहीतर रात्री आत दव साचतं. वापरात नसलेली ग्लँडची भोकं बंद करा, मुंग्या आणि पाली तिथूनच येतात.

पायाभरणी
४५० मिमी पाया? वरचं पॅनेल म्हणजे शीड आहे. पाटी, दिवे, पॅनेल मिळून १ चौमीटर धरा. ४५ मीटर प्रतिसेकंद वाऱ्याला दाब ०.६ गुणिले वेगाचा वर्ग, १,२१५ न्यूटन प्रति चौमीटर. आकाराचा गुणांक १.२ धरला तर १.४६ किलोन्यूटन, ४ मीटर उंचीवर, म्हणजे बुडाशी जवळजवळ ६ किलोन्यूटन-मीटर. ६०० x ६०० x १००० मिमीचा ठोकळा साडेआठ किलोन्यूटन वजनाचा असतो, नुसत्या वजनाने तो २.६ च तोलतो. उरलेलं बाजूची माती धरते. म्हणून खड्डा मापात खणायचा आणि काँक्रीट मातीला भिडवून ओतायचं. मोठा खणून कडेने सैल माती लोटली की पहिल्या वादळात खांब कलतो. भराव किंवा काळी माती असेल तर अभियंत्याकडून माप वाढवून घ्या.

एका पायाला ०.३६ घनमीटर, एम२० प्रतीचं काँक्रीट १:१.५:३ प्रमाणात सुमारे तीन गोण्या सिमेंट. चार एम२० (२० मिमी जाडीचे) जे-बोल्ट, ६०० मिमी लांब, साच्यात बांधून. साच्यावर रस्त्याच्या दिशेचा बाण काढा. बाण नसेल तर पाया पक्का झाल्यावर कळतं की पाटी पंधरा अंश कुंपणाकडे वळलीय, मग भोकं लांबवायची कसरत. वायरसाठी ५० मिमीचा पाइप आधीच बसवा. खांब सात दिवसांनी चढवा. पहिले ६०० मिमी हाताने खणा, मशीन लावण्याआधी. केबल आणि पाण्याच्या लाइनी नकाशावर असतात तिथे कधीच नसतात.

पाइप ११४ मिमी बाहेरचा व्यास, गॅल्व्हनाइज्ड. कर्बपासून ०.६ मीटर आत, खालून लोक चालतात तिथे पाटीची खालची कड २.१ मीटर, आणि चाकाची खुर्ची जाईल एवढा फुटपाथ उरला पाहिजे. पेटीचं दार फुटपाथच्या बाजूला.

तारजोड
पॅनेल आणि पेटी वर ठेवावी की खाली? चोरीचा प्रश्न आहे.

पायाभरणी
पेटी २.५ ते ३ मीटरवर, शिडीशिवाय हात न पोहोचणारी. नट डोकं तुटणारे, म्हणजे आवळल्यावर सहज न सुटणारे. फार वर नेलीत तर दुरुस्तीला शिडीवर बॅटरी पेलत चढावं लागतं, त्यात बोटं जातात.

रस्तामोजणी
दिवे चढवल्यावर लगेच घट्ट करू नका. एलईडी सिग्नलची किरणझोत अरुंद असते. एकाने ७० मीटर मागे, चालकाच्या डोळ्याच्या उंचीला, सुमारे १.२ मीटरवर बघायचं आणि दुसऱ्याने दिवा फिरवायचा. सगळ्यात प्रखर दिसला की बोल्ट आवळा. मग ट्रकच्या उंचीवरूनही, २.४ मीटरला, एकदा बघा. वळणावर खांब असेल तर झोत रस्त्याच्या सरळ रेषेत ठेवून भागत नाही, चालक जिथून येतो तिकडे वळवा.

पूर्व-पश्चिम रस्त्याला आणखी एक काम. सकाळी शाळा भरताना सूर्य नेमका दिव्याच्या मागे असतो आणि दिवा दिसतच नाही. मागे काळा मॅट पत्रा, दिव्यापेक्षा चहूबाजूंनी १२५ मिमी मोठा. आणि सूर्य समोरून दिव्यावर पडला तर विझलेला दिवाही पेटल्यासारखा वाटतो, त्यासाठी टोपी. पत्र्याने वाऱ्याचं क्षेत्रफळ वाढतं, ते पायाभरणींच्या हिशेबात घाला.

घंटा_वाजली
चालू करण्याआधी कोरडी चाचणी सांगून ठेवते: कंट्रोलरची तारीख शुक्रवार संध्याकाळवर नेऊन शनिवारी काय होतं ते बघा, मग सुट्टीच्या आदल्या दिवशी, मग वर्ष बदलताना. बॅटरी काढून दहा मिनिटांनी परत लावा आणि वेळ टिकली का बघा. हे टेबलावर करा, खांबावर नाही.

छप्पर_पॅनेल
देखभाल: महिन्याला पॅनेल पुसणं आणि फांद्या. सहा महिन्यांनी बॅटरीचं व्होल्टेज दिवे चालू असताना, ग्लँड, नट. दिव्यातले पाव एलईडी गेले की दिवा बदला. दुरून तो लागल्यासारखा दिसतो, पण ७० मीटरवर प्रखरता उरलेली नसते. करंट मोजणारा कंट्रोलर असेल तर नवीन दिव्याचा आकडा नोंदवून तो २५ टक्क्यांनी घटल्यावर इशारा लावा.

मोर्चेकरी
बसवल्यानंतर फरक पडला का, हे लगेच मोजलेलं चालेल?

रस्तामोजणी
पहिल्या आठवड्यात नको. नव्या दिव्याला सगळेच बिचकतात. सहा आठवड्यांनी आणि सहा महिन्यांनी मोजा. जागा, वार, वेळ तीच, आणि दर वेळी दोन संच घ्या: दिवे चालू असतानाचा आणि बंद झाल्यावरच्या अर्ध्या तासाचा. दोन्हींतला फरक सहा महिन्यांत आटत गेला असेल तर आधी टायमरची नोंद काढून बघा, दिवे शाळा नसताना लागतायत का. ते ठीक असेल तर दिव्यांच्या भरवशावर न राहता उंचावलेला झेब्रा मागा.

तारजोड
ठीक. ४० वॅट, २० एएच लिथियम फॉस्फेट, मॉस्फेट, मीटरभर पाया. खांब पहिल्या ओलांडण्याच्या जागेपासून ८० मीटर अलीकडे धरतोय, पण एका बाजूला तिथे नेमकं बसथांब्याचं शेड येतं.

रस्तामोजणी
मग शेडच्या अलीकडे या, पलीकडे नको. थांबलेली बस खांब झाकणार. ९५-१०० मीटरवर गेलात तरी चालेल, फक्त मध्ये ३० च्या मर्यादेची पाटी पुन्हा एकदा लावा आणि हद्द संपल्याची पाटी विसरू नका. समोरच्या बाजूलाही जोडीचा दिवा लावता आला तर बस उभी असतानाही एक दिसत राहील. मॉस्फेट मामांनी सांगितलेली ३० मीटरची केबल तिथे कामाला येईल.